तुम्ही विचारलंत म्हणून: शिकारीसाठी लहान ट्रॅप कॅमेरा कोणता घ्यावा?

ट्रॅप कॅमेरा म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. माझ्या बागेतले त्याने काढलेले रात्रीचे फोटो पाहिल्यावर बरेच जण हे विचारतात. कुणी लांज्याचे, कुणी राजापूरचे, कुणी थेट कुडाळहून फोन करतात. खिशात मावेल असा कॅमेरा हवा असतो, डुकराच्या वाटेवर लावायचा असतो. कशासाठी म्हणून विचारलं, की आवाज खाली येतो आणि उत्तर मिळतं, "शिकारीसाठी."

म्हणून आधी शिकारीचं बोलतो. हे कॅमेरे खपले ते मुख्यतः अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांमुळे. तिथे शिकारीचा हंगाम ठरलेला असतो, परवाना रीतसर मिळतो. तरीही तिथल्या अ‍ॅरिझोना राज्याने जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी केली. जनावराला निसटायला वावच उरत नसेल तर ती शिकार न्यायाची नाही, हा त्यामागचा एक विचार होता. मला तो पटतो.

आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाच बंदी आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे. फासकी लावणं, हाका घालणं, आमिष ठेवणं, एवढंच काय, तसा प्रयत्न करणंही शिकारीतच मोडतं. डुकरांनी उभं पीक लोळवलं तर वनखात्याकडे अर्ज करायची वाट आहे. नुकसानभरपाई मागता येते, आणि पीक नासवणाऱ्या डुकराला मारायची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतात. ती हातात नसताना बंदूक काढायची नाही. आणि फासकी तर कधीच नको. लावतात डुकरासाठी आणि त्यात तडफडतो बिबट्या, हे कोकणात पुन्हा पुन्हा घडलंय. त्या तारेला डुक्कर कोण आणि बिबट्या कोण, कळत नाही.

मग कॅमेरा कशाला? बागेत रात्री कोण येतं ते कळायला. माझ्या शेजारच्या काकांनी नारळाची रोपं बुंध्यापाशी कुरतडलेली पाहिली आणि डुकरांना शिव्या घातल्या. कॅमेऱ्यात दिसली साळ, गडग्याच्या खिंडारातून पाठीवरचे काटे सावरत आत येणारी. त्यांनी खिंडार चिऱ्यांनी बुजवलं आणि रोपांभोवती जाळी रोवली. तेवढ्यावर भागलं. डुकरांसाठी रात्र रात्र जागले असते तर साळ निवांत खात राहिली असती.

आता कॅमेऱ्याचं. खोक्यावर मेगापिक्सेलचा जो मोठा आकडा छापतात त्याला भुलू नका. आतला सेन्सर बऱ्याचदा पुष्कळ लहान असतो आणि आकडा फुगवलेला असतो. त्यापेक्षा रात्रीचा एखादा मूळ फोटो मागून पाहा. दुसरं, जनावर समोर आल्यापासून फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो ते बघा. अर्ध्या सेकंदाच्या आत असेल तर उत्तम. एक सेकंदाच्या पुढे गेलं तर धावत्या भेकराचं शेपूट तेवढं मिळतं. तिसरा मुद्दा रात्रीच्या प्रकाशाचा. अंधारात हे कॅमेरे इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे लावतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्यांचा उजेड लांब जातो, पण ते अंधारात मंद लाल दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी. बागेत कॅमेरा वाटेपासून चार-पाच मीटरवरच असतो, म्हणून मी ९४० चा वापरतो. जनावर बुजत नाही आणि चोराच्याही नजरेत येत नाही.

लहान कॅमेऱ्याचा खरा फायदा हाच, तो लपतो. तोटा सेलचा. मोठ्यात आठ मावतात, छोट्यात बहुधा चारच. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असल्यामुळे काही कॅमेऱ्यांत रात्रीचे फोटो अंधुक येतात. लिथियमचे सेल महाग पडतात, पण टिकतात. फोटो थेट फोनवर पाठवणाऱ्या सिमकार्डवाल्या मॉडेलवर पैसे घालण्याआधी त्या जागी फोनला रेंज येते का ते बघा. आमच्या परसात येते, खाली व्हाळात नाही.

इथल्या हवेला जपायला लागतं, कारण यातलं काही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. खाऱ्या वाऱ्याने सेलच्या पत्र्यांवर गंज चढतो. सेल बदलताना ते कोरड्या फडक्याने पुसा. दाराचं रबर तपासा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, मुंग्या आत घर करतात. हुमले, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, असलेल्या झाडाला कॅमेऱ्याचा पट्टा बांधूच नका, फोटोंचं मेमरी कार्ड काढायला गेलात की कळेल का ते.

हा कॅमेरा ऊब आणि हालचाल दोन्ही मिळून टिपतो. त्यामुळे वैशाखात कातळ तापला की समोर हलणारं वाळकं गवतसुद्धा त्याला जनावर वाटतं, आणि कार्ड गवताच्या फोटोंनी भरतं. समोरचं गवत कापून घ्या. उलट हवाच अंगाइतकी तापली, की खरं जनावर त्याला धड कळत नाही. तोंड उत्तरेला ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन काचेत शिरत नाही. उंची गुडघ्याएवढी पुरते. वाटेला काटकोनात न धरता जरा तिरका लावा, जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं.

कॅमेरा आपल्याच जमिनीत लावा. वनखात्याच्या रानात परवानगीशिवाय लावायचा नाही. पाणंदीकडे, पाणवठ्याकडे, बायका जिथून ये-जा करतात तिकडे त्याचं तोंड कधीही नसावं. तारीख-वेळ बरोबर लावून ठेवा, नुकसानीच्या पंचनाम्याला असा फोटो उपयोगी पडतो.

आणि बिबट्या दिसला, किंवा नशिबाने खवले मांजर दिसलं, तर तो फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. खवल्यांच्या मागावर असलेल्यांना एवढा ठावठिकाणा पुष्कळ झाला. वनरक्षकाला दाखवा, नाहीतर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.