तुम्ही विचारलंत म्हणून: निकाल लागल्यावरही ते का भांडत राहिले?

सुट्टीत सावंतवाडीला गेले की हा प्रश्न ठरलेलाच. "निकाल लागलो ना? मगे इतकी वर्सा कित्याक झगडत रवले ते?" पुण्यातले नातेवाईक तेच जरा ठेवणीतल्या भाषेत विचारतात: बहुमताने एकदा ठरलं, मग ब्रिटनने ब्रेक्झिटचा, म्हणजे युरोपीय संघ सोडण्याचा, एवढा घोळ का घातला? विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. हरलेल्यांना हार पचली नाही, हे एक. खासदार नालायक निघाले, हे दुसरं. मी इंग्लंडात स्विंडनला नर्स आहे. ती सगळी वर्षं मी तिथेच काढली, आणि मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

23 जून 2016 ला माझ्या हातात जी मतपत्रिका आली, तिच्यावर एकच प्रश्न छापलेला होता: युनायटेड किंगडमने युरोपीय संघाचं सदस्य राहावं की संघ सोडावा? खाली दोन चौकोन. फुली मारायला पेन्सिल ठेवलेली. पेन्सिलीच्या खुणा मागाहून खोडतात अशी आवई उठली होती, म्हणून रांगेत माझ्या पुढे असलेल्या बाई घरून पेन घेऊन आल्या होत्या. मी 'राहावं'वर फुली मारली. 'सोडावा' म्हटलं तर पुढे कुठे जायचं, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. नॉर्वेसारखं संघाबाहेर राहून बाजारात आत राहायचं? तुर्कस्तानसारखं जकातीपुरतं एकत्र? कॅनडासारखा नुसता व्यापार करार? की कसलाच करार न करता सरळ बाहेर? 51.9 टक्के लोकांनी 'सोडावा' म्हटलं, आणि त्यांच्यातच या सगळ्या वाटांचे लोक होते. भांडणाचं मूळ मला इथे दिसतं.

सावंतवाडीच्या लोकांना मी गोव्याच्या जनमत कौलाची आठवण करून देते. 16 जानेवारी 1967 ला गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर मतदान केलं. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पानं. फूल निवडलं तर काय होणार हे शेजारच्या सावंतवाडीकडे बघून कळत होतं, आणि दोन पानं म्हणजे आहे तेच पुढे. 34,021 मतांनी विलीनीकरण फेटाळलं गेलं. आमच्या आजोबांची नाराजी शेवटपर्यंत गेली नाही. पण 'दोन पानं म्हणजे नक्की कोणती पानं' असा वाद काही दुसऱ्या दिवशी कुणी काढला नाही. दोन्ही वाटा कुठे जातात हे आधी माहीत होतं.

मला ब्रिटनमध्ये मत होतं, याचंही इकडे नवल वाटतं. मी तेव्हा भारतीय नागरिकच होते. पण राष्ट्रकुल देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहतात त्यांना मतदार यादीत नाव घालता येतं, आणि या सार्वमतातही त्यांना मत होतं. आमच्या शेजारचं कुटुंब गोव्यातल्या सासष्टीचं. तेरेखोल नदीच्या अलीकडची मी, पलीकडचे ते. स्विंडनमध्ये गोव्याची मोठी वस्ती आहे. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. जुन्या पिढीचा जन्म पोर्तुगालमध्ये नोंदवायचा, मग आपला, मग पासपोर्ट. तो युरोपीय संघातला पासपोर्ट असल्यामुळे ब्रिटनमध्ये येऊन थेट कामाला लागता येत होतं. अंकल गोदामात रात्रपाळी करायचे, आंटी एका वृद्धाश्रमात. दोघंही कर भरत होते, मुलं इथल्याच शाळेत होती. त्यांना मत नव्हतं. ज्यांच्या राहण्या-जाण्याचा प्रश्न होता त्यांना कुणी विचारलं नाही, आणि मला विचारलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

स्विंडनने 54.7 टक्क्यांनी 'सोडावा' म्हटलं. म्हणजे मी ज्यांची बीपी तपासत होते, ज्यांची पांघरुणं सारखी करत होते, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी. ते अडाणी होते, द्वेषाने पेटलेले होते, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, गावातल्या रेल्वे कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले. तो कारखाना 1986 ला बंद पडला. 1975 च्या सार्वमतात त्यांनी युरोपात राहायला होकार दिला होता. "तेव्हा मला बाजाराचं विचारलं होतं," ते म्हणाले, "कायदे कोण करणार हे नंतर माझ्या परस्पर ठरलं." हा मुद्दा खोटा नाही. मास्ट्रिख्तचा करार 1993 मध्ये लागू झाला आणि व्यापारी समूहाचा राजकीय संघ झाला, तेव्हा ब्रिटिश मतदाराला कुणी काही विचारलं नव्हतं.

आपल्या लोकांतही 'सोडावा'वाले कमी नव्हते. लंडनजवळचं स्लाव शहर, जिथे भारतीय-पाकिस्तानी वस्ती दाट आहे, तिथे 54.3 टक्के मतं त्याच बाजूला पडली. कारण ऐकण्यासारखं आहे. 2012 पासून नियम असा होता की ब्रिटिश नागरिकाला भारतातून नवरा किंवा बायको आणायची तर वर्षाला किमान 18,600 पौंड कमाई दाखवावी लागे, आणि युरोपातला माणूस मात्र ही अट न लागता आपलं कुटुंब आणू शके. माझ्या एका सहकारी मुलीचा नवरा या आकड्यापायी जालंधरमध्ये अडकून पडला होता. युरोपाला दार बंद झालं की आपल्याला उघडेल, असं तिला सांगण्यात आलं आणि तिने त्यावर मत दिलं. पुढे 2021 पासून गुणांवर व्हिसा देण्याची पद्धत आली आणि भारतीयांना कामाचे व्हिसा पुष्कळ मिळाले, हे खरं. पण नवरा-बायकोसाठीची ती अट 2024 मध्ये 29,000 पौंडांवर नेली.

आणि 'सोडावा'च्या प्रचाराची ती लाल बस! आपण संघाला आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो, ते एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला, देऊ या, असं तिच्यावर लिहिलं होतं. ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करता काढलेला तो आकडा दिशाभूल करणारा आहे, असं देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने प्रचार चालू असतानाच सांगितलं. बस फिरत राहिली. आमच्याकडे त्यानंतर काय झालं, तर युरोपातून नव्याने येणाऱ्या नर्स झपाट्याने घटल्या. त्याच सुमारास त्यांना लागू झालेली इंग्रजीची परीक्षाही त्याला कारणीभूत होती, पण स्पेनच्या आणि पोर्तुगालच्या ज्या मैत्रिणी परत गेल्या, त्या परीक्षेमुळे गेल्या नव्हत्या.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. निकालाच्या दिवशीच पंतप्रधान कॅमेरॉननी राजीनामा जाहीर केला. 'सोडावा' निकाल आला तर काय करायचं, याची तयारी त्यांच्या सरकारने खात्यांना करूच दिली नव्हती. 'सोडावा'च्या पुढाऱ्यांकडेही एकमताचा आराखडा नव्हता. नव्या पंतप्रधान टेरेसा मे यांनी जानेवारी 2017 मध्ये एका भाषणात एकल बाजार (माल, सेवा, माणसं यांची मोकळी ये-जा) आणि जकात संघ (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांची एकच जकात), दोन्ही सोडणार असं सांगून टाकलं, आणि 29 मार्चला संघ सोडण्याच्या कलम 50 खाली नोटीस दिली. त्या कलमात दोन वर्षांची मुदत आहे. घड्याळ सुरू झालं आणि मागून त्यांनी मध्यावधी निवडणूक घेऊन बहुमत घालवलं. समोर 27 देशांच्या वतीने संघाचे वाटाघाटीकार मिशेल बार्निए एकटे बोलत होते. इकडे मंत्रिमंडळाचंच आपसात ठरत नव्हतं.

सगळं अडलं ते आयर्लंडच्या सीमेवर. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, खालचं आयर्लंड युरोपीय संघात. मधली सीमा सुमारे 500 किलोमीटर, आणि 1998 च्या शांतता करारानंतर तिथली लष्करी ठाणी गेली. लोक कामाला, शाळेला, मिस्सेला तिच्या अलीकडे-पलीकडे जातात. ब्रिटन जकात संघातून बाहेर पडलं तर माल कुठेतरी तपासावा लागणार. तो या सीमेवर तपासायचा नाही, कारण तीस वर्षांच्या रक्तपातानंतर तिथे शांतता आली आहे. समुद्रात, म्हणजे ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मध्ये तपासायचा तर देशाच्या पोटातच सीमा आली. आणि कुठेच तपासायचा नसेल तर जकात संघातून बाहेर पडता येत नाही. या तिन्हीपैकी एकावर पाणी सोडणं भाग होतं. कोणत्या, हे 2016 मध्ये कुणालाच विचारलं नव्हतं.

मे यांनी 585 पानांचा करार आणला. त्यात तोडगा सापडेपर्यंत सगळा देशच संघाच्या जकात व्यवस्थेत राहणार होता. 15 जानेवारी 2019 ला तो 432 विरुद्ध 202 असा पडला. सरकारचा इतका मोठा पराभव आधुनिक संसदेने पाहिला नव्हता. पण ते 432 एका मताचे नव्हते. मे यांच्याच पक्षाच्या 118 जणांपैकी बहुतेकांना वाटत होतं की या व्यवस्थेतून सुटकाच होणार नाही. उत्तर आयर्लंडच्या युनियनवाद्यांना, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणाऱ्यांना, आपला प्रांत वेगळा पाडलेला नको होता. काहींना पुन्हा सार्वमत हवं होतं. एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एका दारातून मत द्यायला गेले.

27 मार्चला खासदारांनी आठ पर्याय मतदानाला घेतले. एकालाही बहुमत मिळालं नाही. 1 एप्रिलला पुन्हा घेतले, तेव्हा जकात संघाचा पर्याय 273 विरुद्ध 276 असा तीन मतांनी हुकला. सभापती बर्को 'ऑर्डर, ऑर्डर' ओरडतानाचे व्हिडिओ तेव्हा इकडे फिरत होते आणि लोक पोट धरून हसत होते. मी ड्यूटीवरून येऊन रात्री ते सगळं बघायचे आणि मला धीर यायचा. कुठे जायचं, याची एकेक वाट अखेर नावानिशी समोर ठेवली जात होती. उघड्यावर, कुणी कोणत्या वाटेला मत दिलं याची नोंद ठेवून. तुम्ही ज्याला घोळ म्हणता, ते खरं काम होतं. लाजिरवाणं काही असेल तर ते हे, की मतदान आधी झालं आणि हे काम नंतर. मला पुन्हा सार्वमत हवं होतं, मतपत्रिकेवर तो करार ठेवून. तसं झालं असतं आणि लोकांनी करार स्वीकारला असता तर मी मान खाली घालून तो मानला असता.

तसं झालं नाही. लोक थकले. डिसेंबर 2019 मध्ये बोरिस जॉन्सन 'ब्रेक्झिट उरकू या' म्हणत 365 जागा घेऊन निवडून आले; समुद्रातली सीमा त्यांनी ऑक्टोबरच्या करारातच पत्करली होती. 31 जानेवारी 2020 ला रात्री 11 वाजता ब्रिटन बाहेर पडलं.

त्या गदारोळात अंकल-आंटींची कागदपत्रं करायची होती. संघातल्या नागरिकांना इथे राहायचं तर 30 जून 2021 पर्यंत अर्ज करणं सक्तीचं होतं. आधी 65 पौंड फी लावणार होते, ती ओरड झाल्यावर मागे घेतली. अॅप सुरुवातीला आयफोनवर चालत नव्हतं, म्हणून आंटी माझा फोन मागायला आल्या. स्वयंपाकघरात टेबलावर पासपोर्ट ठेवून त्यातली चिप सापडेपर्यंत फोन त्याच्यावर इंचाइंचाने सरकवायचा. मग चेहरा समोर धरायचा, पडद्यावर रंगीत उजेड लखलखतो. आंटी डोळे मिटायच्या, अॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायचं. शेवटी ईमेल आलं. कार्ड नाही, शिक्का नाही, हातात धरायला काहीच नाही. अंकलनी त्या ईमेलची छापील प्रत काढली आणि पोर्तुगालच्या जन्मनोंदींच्या फायलीत लावून ठेवली.

वाटाघाटी अजून चालूच आहेत, हेही सांगायला हवं. उत्तर आयर्लंडसाठी 2023 मध्ये विंडसरचा नवा आराखडा झाला. मे 2025 मध्ये लंडनला संघाबरोबर बैठक झाली, त्यात युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या पाण्यात 2038 पर्यंत मासेमारी करू द्यायचं ठरलं, आणि वॉर्डात त्यावरून पुन्हा दोन तट पडले.

अंकल मधल्या काळात ब्रिटिश नागरिक झाले. जुलै 2024 च्या निवडणुकीआधी एक उमेदवार आमच्या गल्लीत दारोदार फिरत होता. माझ्याकडे आला तेव्हा मी विचारलं की संघाशी नेमका कोणता करार तुम्हाला हवा आहे, आणि आयर्लंडच्या बाबतीत काय सोडायची तयारी आहे. तो काहीतरी गोलमाल बोलून शेजारी गेला. अंकलनी त्याला तोच प्रश्न विचारला, आणि सरळ उत्तर येईना तेव्हा फाटकात उभं राहून पुन्हा विचारला.