सेयिनची पानं, स्ट्राउडच्या पानांशेजारी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या ओहायो स्टेटच्या क्वार्टरबॅकांची (चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्यांची) माझी वही एकदाची २०२५च्या हंगामापर्यंत आली. मागच्या नोंदीत विल हॉवर्डपाशी थांबले होते. या खेपेला ज्युलियन सेयिन पूर्ण केला, टेक्ससविरुद्धच्या पहिल्या सामन्यापासून मायामीने घरी पाठवलं तिथपर्यंत.

नव्याने येणाऱ्यांसाठी सांगते. मी सगळे प्ले मांडत बसत नाही, तेवढा वेळ नाही आणि तेवढा धीर तर मुळीच नाही. फक्त थर्ड आणि फोर्थ डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींतली तिसरी आणि चौथी), आणि समोरच्यांच्या वीस यार्डांच्या आतले प्ले घेते. प्रत्येकाला तीन रकाने: स्नॅपनंतर (चेंडू मागे क्वार्टरबॅककडे आला की) तो हातातून किती वेळात सुटला, पहिल्या पसंतीच्या रिसीव्हरकडे (पास झेलणाऱ्याकडे) गेला की नजर फिरवून दुसऱ्या-तिसऱ्याकडे, आणि पॉकेट (क्वार्टरबॅकभोवती सोबत्यांनी धरलेलं कडं) मोडल्यावर गड्याने काय केलं. वेळ फोनच्या स्टॉपवॉचवर घेते, त्यामुळे तो अंदाजच समजा. दुसऱ्या रकान्याचा त्रास जास्त. टीव्हीच्या कॅमेऱ्यातून लांबचे रिसीव्हर स्नॅपनंतर लगेच बाहेर जातात, मग गोलपोस्टमागून घेतलेल्या रिप्लेची वाट बघायची. रिप्ले दाखवलाच नाही तर रकाना कोरा ठेवते, मनाने भरत नाही.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा. सेयिनने हंगामात ३९१ पैकी ३०१ पास पूर्ण केले, म्हणजे ७७ टक्के. ३,६१० यार्ड, ३२ टचडाउन, ८ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास). हॉवर्ड २०२४ मध्ये ७३ टक्क्यांवर होता, स्ट्राउड २०२१ मध्ये जवळपास ७२ वर, हास्किन्स २०१८ मध्ये ७० वर. एवढ्यावरून ‘सेयिन सगळ्यांत अचूक’ असं म्हणून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. पण हे म्हणजे फलंदाजाची सरासरी सांगायची आणि तो कितव्या नंबरवर, कुठल्या खेळपट्टीवर खेळला ते गाळायचं. हास्किन्सचे कितीतरी पास आडवे धावणाऱ्या रिसीव्हरला चार-पाच यार्डांवर दिलेले असत, पुढचं काम पॅरिस कॅम्पबेलचे पाय करायचे. २०१८ला मिशिगनला ६२-३९ असं धुतलं त्या दिवशी हास्किन्सने सहा टचडाउन फेकले, आणि त्यातला मोठा वाटा याच आडव्या धावांचा होता. हास्किन्सला मी कमी लेखत नाही. एका हंगामात ५० टचडाउन आणि ४,८३१ यार्ड हे उगाच होत नाही, आणि २०२२ मध्ये तो गेला त्याची हळहळ इथे अजून आहे. फक्त टक्केवारी एकट्याने काही सांगत नाही.

रिसीव्हर चांगले होते म्हणून जमलं, हा दुसरा लाडका मुद्दा. तोही इथे निकामी ठरतो, कारण चांगले रिसीव्हर वहीतल्या प्रत्येक क्वार्टरबॅकला होते. हास्किन्सकडे कॅम्पबेल आणि मॅक्लॉरिन, फील्ड्सकडे ओलावे आणि गॅरेट विल्सन, स्ट्राउडकडे ते दोघे आणि वर स्मिथ-एन्जिग्बा, मॅककॉर्डकडे मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर, हॉवर्ड आणि सेयिन दोघांकडे जेरमाया स्मिथ. खजिना सगळ्यांना सारखाच, मग फरक शोधायचा तो माझ्या तीन रकान्यांतच.

पहिल्या रकान्यात सेयिन निर्विवाद पुढे. चेंडू कानापाशी घेतला आणि मनगट फिरलं की संपलं. हॉवर्डचा हात लांब, चेंडू आधी किंचित खाली येऊन मग वर जायचा. सेयिनच्या बाबतीत ते मधलं वळणच नाही. रेकॉर्डिंग संथ करून बघा: रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू निघालेला असतो. पेन स्टेटचा सामना आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या दिवशीच आला (शनिवार सोडून दुसरा वार मंडळाला सापडत नाही), तो रात्री रेकॉर्डिंगवर बघितला. २३ पैकी २० पास, ३१६ यार्ड, चार टचडाउन. विस्कॉन्सिनमध्ये ४२ पैकी ३६. अशा सामन्यांत स्टॉपवॉचचं बटण दाबता दाबता माझीच दमछाक होते.

दुसऱ्या रकान्यात तुलना स्ट्राउडशी, आणि मला वाटतं खरी तुलनाही तीच. दोघे कॅलिफोर्नियाचे, दोघांचा खेळ लयीवर चालतो, दोघे पळण्यापेक्षा उभं राहून फेकणं पसंत करणारे. पण सुरुवात बघा. स्ट्राउडचा पहिला सामना २०२१ मध्ये मिनेसोटाच्या मैदानावर झाला. मध्यंतरापर्यंत अवघे ५८ यार्ड, आणि शेवटी २९४ यार्ड व चार टचडाउन. मुख्य प्रशिक्षक रायन डेने त्याला पहिल्याच रात्री मोकळं सोडलं होतं. सेयिनला टेक्ससविरुद्ध तसं सोडलं नाही. २० पैकी १३, १२६ यार्ड, चौथ्या क्वार्टरमध्ये कार्नेल टेटला ४० यार्डांचा एक टचडाउन, आणि १४-७ असा विजय. त्या दिवशी माझ्या दुसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘पहिला’ असंच लिहिलेलं आहे. नोव्हेंबर येईपर्यंत तिथे ‘दुसरा’, ‘तिसरा’ दिसू लागतात. मिशिगनमध्ये सुरुवातीलाच इंटरसेप्शन देऊन बसला, तरी पुढे फोर्थ डाउनला पाच यार्ड हवे असताना त्याने जेरमाया स्मिथला ३५ यार्डांचा टचडाउन दिला. २७-९. सलग चार पराभवांनंतरचा तो विजय. त्या चारांतले दोन स्ट्राउडच्या नावावर आहेत, एक मॅककॉर्डच्या, एक हॉवर्डच्या. शेजारी मिशिगनवाले राहतात, त्यांच्या अंगणातला झेंडा आठवडाभर दिसला नाही. असो.

मॅककॉर्डवर फार लिहिण्यासारखं नाही. ११-१ असा हंगाम आणि मिशिगनमधलं शेवटचं इंटरसेप्शन, एवढ्यावर लोकांनी त्याचा निकाल लावला. पुढच्या वर्षी सिरॅक्यूजला जाऊन त्याने ४,७७९ यार्ड फेकले.

आता तिसरा रकाना, ज्याच्यासाठी मी ही वही सुरू केली.

फील्ड्सचं पान या रकान्यात गच्च भरलेलं आहे. २०१९ला मिशिगनमध्ये गुडघा दुखावून बाहेर गेला, ब्रेस लावून परत आला आणि लगेच गॅरेट विल्सनला ३० यार्डांचा टचडाउन दिला. क्लेमसनविरुद्ध बरगड्यांवर हेल्मेटचा मार बसल्यावर एकच प्ले बाहेर बसला आणि आत येऊन ओलावेला टचडाउन. त्या सामन्यात एकूण सहा. पॉकेट मोडला की त्याचा खेळ सुरू व्हायचा.

स्ट्राउडचं पान इथे दोन वर्षं जवळपास रिकामं. समोर मोकळी जागा दिसत असताना हा उभाच, आम्ही सोफ्यावरून ‘पळ रे’ म्हणून ओरडायचो. आणि मग जॉर्जियाविरुद्धचा पीच बोल, म्हणजे उपांत्य सामना. ३४८ यार्ड आणि चार टचडाउन तर फेकलेच, पण शेवटच्या ड्राइव्हमध्ये पॉकेटमधून सुटून २७ यार्ड पळाला. फील्ड गोल हुकला, ४२-४१ ने हरलो, ते वेगळं. त्या रात्री कळलं, की रकाना रिकामा होता याचा अर्थ त्याला जमत नव्हतं असा नव्हता.

हॉवर्डच्या पानावर दोन्ही टोकं आहेत. यूजीनमध्ये ऑरेगॉनविरुद्ध शेवटच्या क्षणी पॉकेटमधून निघाला, पळाला, घसरून बसला आणि घड्याळ संपलं, ३२-३१ ने हार. तोच गडी जानेवारीत नोत्र दामविरुद्धच्या अंतिम सामन्यात थर्ड डाउनला अकरा यार्ड हवे असताना, ३१-२३ अशा आघाडीवर, कडेने एकट्या बचावपटूसमोर धावणाऱ्या स्मिथला ५६ यार्डांचा पास देऊन सामना मिटवतो. वहीतल्या सगळ्या थर्ड डाउनमध्ये माझा सर्वांत आवडता तो.

सेयिनचं काय? डिसेंबरपर्यंत या रकान्यात लिहायला फारसं काही मिळालंच नाही. त्याला राखणारी आपलीच लाइन इतकी भक्कम होती की त्याचे कपडे मळत नव्हते. मग इंडियानाने पाच सॅक केले (पास सुटायच्या आधीच त्याला पाडलं), मायामीनेही पाच. इंडियानाविरुद्ध पाच यार्डांच्या रेषेवर फोर्थ डाउनला एक यार्ड हवा होता. सेयिन स्वतः चेंडू घेऊन घुसला, पंचांनी आधी फर्स्ट डाउन (म्हणजे नव्या चार संधी) दिला आणि रिप्लेनंतर काढून घेतला. सामना १३-१० ने गेला. तिथे सहा फूट चार इंचांचा हॉवर्ड असता तर? सेयिन सहा फूट एक इंच, अंगानेही हलका. माझं मत असं, की तो यार्ड सेयिनकडे मागायलाच नको होता. पोराचं बळ हातात आहे आणि तुम्ही त्याला धडका मारायला लावता.

मायामीविरुद्धचं इंटरसेप्शन मात्र त्याच्याच खात्यावर. बाजूला द्यायचा स्क्रीन पास, कियॉन्टे स्कॉटने आधीच ओळखला आणि ७२ यार्ड पळत टचडाउन केला. जो झटपट सुटणारा चेंडू वर्षभर कौतुकाचा होता, तोच इथे नडला. पहिल्या पसंतीकडे बघितलं आणि मनगट फिरलं, मध्ये माणूस आहे की नाही ते तपासलंच नाही. त्यानंतरच्या अर्ध्यात त्याने नजर फिरवून काढलेले पास बघण्यासारखे आहेत, पण २४-१४ मध्ये ते कुणाच्या लक्षात राहणार?

तर सध्या मी सेयिनला स्ट्राउडच्या पहिल्या वर्षाच्या शेजारी ठेवलंय, चेंडू सोडण्यात थोडा वर, लांब पल्ल्यात बरोबरीने. फील्ड्सच्या वर ठेवायला मन धजत नाही. हाइजमनच्या (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराच्या) मतदानात चौथा आला म्हणून हुरळून जाणाऱ्यांशी माझं इथेच वाजतं. टेट आता संघ सोडून गेला, आक्रमणाचा प्रशिक्षक हार्टलाइनही दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक झाला, म्हणजे पुढच्या हंगामात सगळं हातात आयतं मिळणार नाही. सप्टेंबरात ऑस्टिनला जायचंय, टेक्ससच्या घरी. तिसऱ्या रकान्यासाठी जास्तीची पानं आत्ताच शिवून ठेवलीत.

पुढची नोंद मागे जाऊन, २०१४ची: क्वार्टरबॅक बॅरेटचा घोटा मोडला आणि त्याच्या जागी कार्डेल जोन्स आला तो महिना. विस्कॉन्सिनविरुद्धच्या ५९-० सामन्याचं माझं रेकॉर्डिंग दुसऱ्या क्वार्टरमध्ये अडकतं. कुणाकडे चांगली प्रत असेल तर सांगा, बदल्यात हास्किन्सच्या वर्षाची सगळी पानं फोटो काढून पाठवते.