तुम्ही विचारलंत म्हणून: ह्यांना सगळं कळतं का?

"वहिनी, ह्यांना आपलं बोललेलं कळतं का हो?" मंडईत, लग्नाच्या मांडवात, कुठेही भेटलं की हेच विचारतात. बहुतेक वेळा हे माझ्या शेजारीच उभे असतात. अपघातात मेंदूला मार लागल्यापासून ह्यांचे शब्द अडतात, त्याला अफेजिया म्हणतात. आपुलकीनं विचारता, म्हणून नीट सांगते.

कळतं. फार लांबलचक किंवा भराभर बोललेलं निसटतं, बाकी कळतं.

सांगली-पेठ रस्त्यावर गाडी उलटली तेव्हा डोक्याला डावीकडून मार लागला. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या बाजूला चालतो. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण होता. त्याला 'तान' एवढंच म्हणता यायचं, पण विचारलेलं बरंचसं समजायचं. तो गेल्यावर मेंदू तपासला, तर डावीकडे पुढच्या भागात इजा सापडली. ह्यांचाही अफेजिया त्याच जातीचा. जीभ, आवाज, कान ठीक आहेत. 'चहा' म्हणायला जातात आणि 'चावी' निघतं. चुकलं हे त्यांना लगेच कळतं, संताप त्याचाच होतो. "पाटी-पेन्सिल द्या ना," असं बरेच जण सुचवतात, पण लिहितानाही शब्द तसाच अडतो.

ह्यांची उभी हयात मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीत गेली. परवा पुतण्यानं दोन नमुने आणून टेबलावर ओतले. ह्यांनी एक हळकुंड घेतलं, कट्‌कन मोडलं, खिडकीपाशी जाऊन गाभ्याचा रंग बघितला, वास घेतला. मग दुसऱ्या ढिगातलं मोडलं आणि तो अख्खा ढीग पुतण्याकडे परत सरकवला. पहिल्याचा भाव बोटांवर सांगितला. 'राजापुरी' हे हळदीच्या जातीचं नाव मात्र शेवटपर्यंत तोंडात आलं नाही.

गणपतीची आरती हे न अडखळता म्हणतात. ते ऐकून कुणी म्हणतं, "बोलता येतं की, मनावर घेत नाहीत!" हे फार लागतं हो. वर्षानुवर्षं पाठ झालेलं, सुरातलं म्हणणं वेगळं आणि मनातलं शब्दांत जुळवणं वेगळं. स्पीच थेरपीच्या बाई याच सुराचा आधार घेतात. डाव्या हातानं ठेका धरून 'पाणी हवं' एवढं लयीत म्हणवून घेतात. सुरुवातीच्या महिन्यांइतकी भरभर सुधारणा आता होत नाही, पण थांबलेलीही नाही.

प्रत्येकाचं असंच असेल असं नाही. कुणी भडाभडा बोलतं, पण त्याचा अर्थ लागत नाही आणि समोरच्याचंही त्याला उमगत नाही.

आमच्याकडे आलात तर टीव्ही बंद करायला सांगा. एका वेळी एकानंच, छोट्या वाक्यात बोला. ओरडू नका. त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका, त्यांनी मागितला तरच सुचवा. आणि चहा घेणार का हे मला नको, ह्यांनाच विचारा. उत्तराला वेळ लागेल, तेवढं थांबा. मीही मध्ये बोलणार नाही.