पगारात घरभाडं नव्हतं, तरी सवलत मिळाली

लातूरच्या एमआयडीसीत एका डाळमिलमध्ये मी मालाची तपासणी बघतो. २०२२-२३ मध्ये पगार महिन्याला ५२,००० रुपये होता, सगळा एकरकमी. स्लिपवर घरभाडे भत्त्याचा (एचआरए) रकानाच नाही. औसा रोडला दोन खोल्यांचं भाडं ९,००० रुपये जायचं आणि वर्षाअखेर १९,५५२ रुपये टीडीएस, म्हणजे पगारातूनच घेतलेला आयकर, कापला गेला. ऑफिसात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तुम्हाला एचआरए नाही, भाड्याची सवलत बसत नाही." आधीची दोन वर्षं मी हेच खरं धरून चाललो, त्याची हळहळ अजून आहे.

कारण एचआरए मिळत नाही अशांसाठीच आयकर कायद्यात कलम ८०जीजी होतं. मुख्य अट ही की नोकरीच्या गावात स्वतःचं, बायकोचं किंवा अज्ञान मुलाचं घर नको. अहमदपूरचं घर वडिलांच्या नावावर, तेव्हा ती अडचण नव्हती.

डाळीच्या नमुन्याच्या रिकाम्या पाकिटावर हिशोब मांडला. तीन आकडे काढायचे आणि सगळ्यात लहान तो धरायचा: महिन्याला ५,००० प्रमाणे ६०,०००, उत्पन्नाचे २५ टक्के, किंवा भाड्यातून उत्पन्नाचे १० टक्के वजा जाता जे उरेल ते. उत्पन्न म्हणजे बाकी सगळ्या वजावटी झाल्यावरचं. प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, विमा आणि मुलीच्या सुकन्या खात्याचे ४०,००० गेल्यावर माझे ५,३१,५०० राहिले. १,०८,००० भाड्यातून ५३,१५० वजा, उरले ५४,८५०. तेच सगळ्यात लहान. ते वजा करताच उत्पन्न ४,७६,६५० वर आलं. पाच लाखांच्या आत आलं की कलम ८७ए ची सूट, म्हणजे कर शून्य! मी ती वजाबाकी तीनदा करून बघितली.

अडलं ते घरमालकीण काकूंपाशी. या सवलतीसाठी फॉर्म १०बीए भरावा लागायचा आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर त्यात घरमालकाचा पॅन द्यावा लागायचा. काकू सत्तरीच्या, एकट्या, काकांच्या माघारी फॅमिली पेन्शनवर राहणाऱ्या. पॅन म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. "लेकरा, तुझ्यापायी मला नोटीस येईल का रे?"

एकाने सुचवलं होतं, पावतीवर आठ हजारच लिही, पॅन लागतच नाही. मला ते पटलं नाही. खरं भाडं भरतोय तर कागदावर खोटं कशाला? मी काकूंजवळ बसून त्यांचाही हिशोब लिहिला. भाड्यातून ३० टक्के कायद्यानेच वजा, राहिले ७५,६००. पेन्शन वर्षाची १,४४,०००, त्यातले १५,००० वजा. दोन्ही मिळून २,०४,६००, आणि साठीच्या पुढच्यांना तेव्हा तीन लाखांपर्यंत कर नव्हता. काकूंनी चष्मा लावून एकेका आकड्यावर बोट ठेवत सगळं वाचलं. मग उठून कपाटातून पासबुकाची प्लास्टिकची पिशवी आणली, तिच्यातच पॅनकार्ड होतं. पहिल्या चार महिन्यांचं भाडं रोख दिलं होतं. त्या पावत्यांवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यांनी सही केली, अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर. बाकीचं भाडं फोनपेवरून गेलेलं, त्याचं स्टेटमेंट काढून ठेवलं.

फॉर्म १०बीए रिटर्नच्या आधी आयकर पोर्टलवरच भरला. घराचा पत्ता, किती महिने राहिलो, भाडं कसं दिलं, मालकाचं नाव आणि पॅन, एवढंच विचारलं होतं. मग रिटर्न भरून आधारच्या ओटीपीने पडताळणी केली. पावत्या अपलोड कराव्या लागल्या नाहीत, पण मी त्या जपून ठेवल्यात. विचारणा झाली तर दाखवाव्या लागतील. कापलेला सगळा कर खात्यात परत आला.

पुढच्या वर्षी नवी करप्रणाली आपोआप लागू झाली. तिच्यात ही वजावट नव्हती, पण तेव्हा सात लाखांपर्यंत कर शून्य असल्याने माझं काम त्यावरच भागलं. ज्यांचा पगार जास्त आहे त्यांनी मात्र जुन्या आणि नव्या, दोन्ही करप्रणालींतून आकडे काढून बघावेत. आमच्या मिलमध्ये असे तिघे आहेत. गेल्या रविवारी ते आपापल्या पावत्या घेऊन माझ्या खोलीवर आले होते.