नागपूरच्या मे महिन्यात चालला पाहिजे असा साठ हजाराचा गेमिंग पीसी

यूट्यूबवर बजेट पीसीचे व्हिडिओ पाहाल तर टेम्परेचर दाखवतात ६५, फार तर ६८. फक्त तो माणूस एसीत बसून बोलून राहिला हे तो सांगत नाही. आपल्याकडे मे मध्ये बाहेर ४५ असते आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर रात्री ११ वाजतासुद्धा भिंतीला हात लावला की गरम लागते. हिशोब सोपा आहे, ग्राफिक्स कार्ड असो की प्रोसेसर, तो खोलीतल्या हवेपेक्षा अमुक डिग्री वर चालतो. हवा २२ वरून ४० वर गेली की ६५ वाला आकडा ८३ च्या आसपास जाते. त्यामुळे माझं बजेट साठ हजार, मॉनिटर धरून, आणि अट एकच की मे मध्ये दुपारी पण चालला पाहिजे.

म्हणून कॅबिनेटपासूनच सुरू करतो, सगळे लोक ते शेवटी घेतात. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) एका दुकानात भैया म्हणे, "दादा, चार फॅन फ्री आहे, सात रंग मारते, काच पाहा न कशी चमकते." मी म्हटलं भैया काच तर बढिया आहे पण समोरून पूर्ण बंद, हवा कुठून घुसन यात? त्यावर तो हसला आणि म्हणे सगळे हेच नेतात. नेत असतील. मी समोरून जाळीवाला घेतला, दिसायला एकदम साधा, समोर दोन फॅन हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा. एवढं पुरते. जाळीला धुळीचं फिल्टर आहे ना ते पाहून घ्या, एप्रिल-मे मध्ये वावधान सुटली की काय होते हे नागपूरवाल्यांना सांगायला नको, दर पंधरवड्याला ते फिल्टर काढून झटकावं लागते.

आता मुख्य खर्च. अंदाजे तिसरा हिस्सा ग्राफिक्स कार्डात गेला, आरएक्स ६६००, ८ जीबीवालं. १०८० पी वर खेळणाऱ्याला भरपूर झालं आणि मुख्य म्हणजे ते खाते फक्त १३२ वॅट. लोक याला जुनं म्हणतात, २०२१ चं आहे, असू द्या. जास्त वॅट म्हणजे जास्त गरमी, आणि ती गरमी शेवटी तुमच्याच खोलीत येते. सेकंडहँडमध्ये आरएक्स ५८० अर्ध्याहून कमी भावात दिसते, मन जाते तिकडे, पण त्यातले बरेच क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस घासलेले असतात आणि काही तर २०४८एसपी वाले असतात, म्हणजे नाव तेच पण आत २३०४ च्या जागी २०४८ शेडर (चित्र काढणारे बारके कोर). घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पाहा, फोटोवर विश्वास ठेवू नका.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोर, ६५ वॅट, डब्यात कूलर मिळते. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळं बसते तो बोर्ड, बी४५०. इथे दुकानदाराला एक गोष्ट तोंडावर विचारायची, की बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) ५००० सिरीजसाठी अपडेट केलेला आहे का. जुना स्टॉक असला तर प्रोसेसर बसते पण डिस्प्लेच येत नाही, आणि मग तुम्ही घरी बसून रॅम काढा-घाला करत राहता. तिथेच अपडेट करून द्या म्हटलं तर बहुतेक जण करून देतात.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन काड्या, एक १६ ची नाही. मी घेतली तेव्हा रॅमचा खर्च अंगावर येत नव्हता. २०२५ च्या शेवटापासून भाव असे चढले की विचारू नका, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळी मेमरी उचलली आणि भोगून राहिलो आपण. आता घेणाऱ्याने माझ्या आकड्यांवर जाऊ नये, रॅम आणि एसएसडीचा भाव त्या दिवशीचाच विचारून घ्यावा.

पॉवर सप्लायवर मात्र मी घासाघीस केली नाही. कॅबिनेटसोबत "५०० वॅट" लिहून जो डबा फुकट मिळते तो हातात घेऊन पाहा, खेळण्यासारखा हलका लागते. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपियर लिहिले ते वाचायचं. ३७ अँपियर असेल तर १२ गुणिले ३७, म्हणजे ४४४ वॅट खरे मिळतात. फुकटवाल्यावर ते अँपियर पाहिले की समजते ५०० कुठून आले. ८० प्लस ब्रॉन्झ म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच, त्याने क्वालिटीची गॅरंटी मिळत नाही, पण निदान कोणीतरी टेस्ट केलेला असतो. माझं सगळं मिळून गेम चालू असताना ३०० वॅटच्या आत राहते, त्यामुळे ५०० चा चांगल्या कंपनीचा घेतला आणि विषय संपवला. यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नाही, बहुतेक ३६० वॅट असतात. लाइट गेली तर गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता ठीक आहे, त्यावर मॅच पूर्ण करायची आशा ठेवू नका.

जोडणी रविवारी दुपारी दिवाणावर नाही, डायनिंग टेबलवर केली. दिवाणावरची चादर काढून मग करा असं कोणी म्हणत असेल तर त्याचंही ऐकू नका, सपाट कडक जागा पाहिजे. एएम४ मध्ये, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरला असतात, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाला जुळवायचा आणि सोडून द्यायचा, तो आपल्या वजनाने बसते. दाबायचा बिलकुल नाही. नंतरची गंमत व्हिडिओत नीट दाखवत नाहीत. डब्यातला कूलर लावायला बोर्डवरच्या दोन काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात, आणि त्यांचे चारही स्क्रू निघाले की मागची प्लेट सुटी होऊन खाली पडते. तर मी बाबांना म्हटलं, मागून हात लावून धरून ठेवा. त्यांनी धरलं, आणि दुसऱ्या हाताने चष्मा वर करून प्रोसेसरकडे पाहून म्हणे, "एवढुसं तं आहे बे, याचे दहा हजार?" स्क्रू तिरपे तिरपे थोडे थोडे आवळायचे, एका बाजूचे आधी पूर्ण आवळले तर दुसरे धरतच नाहीत. पेस्ट कूलरला लावलेलीच येते, वरून अजून थापायची गरज नाही.

सगळ्यात वैताग पॉवर बटणाच्या त्या बारक्या वायरींचा. अक्षरं मुंगीएवढी, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून बसवल्या. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत (बोर्डवर दोनच खाचा असतील तर प्रश्नच नाही). एचडीएमआय केबल कार्डात लावायची, बोर्डात नाही, ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसते, बोर्डात लावली तर काळीच स्क्रीन दिसन.

चालू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) ऑन करा, नाहीतर ३२०० ची रॅम हळू चालत राहते आणि पैसे पाण्यात. वॅलोरंट खेळणार असाल तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंगही तिथेच ऑन कराव्या लागतात, त्या नसल्या तर गेम उघडतच नाही. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा! माझ्या मित्राने कित्येक महिने ६० वर खेळून "काही फरक वाटत नाही यार" म्हणून दाखवलं.

आता कूलरचं, म्हणजे आपला वाळ्याच्या ताट्यांचा खिडकीतला कूलर. आई म्हणे, डबा त्याच्यासमोर ठेवू नको, ओल लागन. अर्धं बरोबर आहे. कूलरच्या दमट हवेने पीसीत पाणी साचत नाही, कारण आतले भाग त्या हवेपेक्षा गरमच असतात, थंड काचेवर साचते तसं तिथे साचत नाही. उलट थंड हवा मिळाली तर टेम्परेचर चांगलंच खाली येते. भीती आहे ती तुषारांची. पाणी जास्त सोडलं किंवा ताट्या जुन्या झाल्या की बारीक थेंब उडतात, आणि बोरिंगच्या पाण्याचे असले तर सुकल्यावर पांढरा थर. मी पीसी कूलरच्या झोतात न ठेवता बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून वर ठेवला आणि खोलीचं दार उघडं ठेवतो, नाहीतर तसाही कूलर नुसती चिकचिक करते.

दुसरा उपाय फुकटचा आहे. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं व्होल्टेज थोडं थोडं कमी करत जायचं, गेम बंद पडला की एक पायरी परत वर. आणि फ्रेम रेटला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला) लगाम, जीटीए ५ ला मी ७५ वर बांधून ठेवलं, १२० ची गरज नाही. कार्ड कमी वॅट खाते, फॅन कमी ओरडते, दुपारी तेवढाच आराम.

साठ नसतील, पस्तीस-चाळीसच असतील तर कार्ड सोडा आणि ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक्स आतच असते. वॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक सेटिंग कमी करून मजेत चालतात, फक्त त्याच्यात रॅमच्या दोन काड्या पाहिजेच पाहिजे, एकाच काडीवर ते निम्म्या जोमाने पळते. कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे, १६ एमबी, पुढे कार्ड टाकलं तर थोडं मागे राहीन, पण पैसे जमेपर्यंत काम भागते. पॉवर सप्लाय मात्र तेव्हाही ५०० चाच घ्या, कार्ड आलं की परत बदलावा लागणार नाही. आणि बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच विचारतात.