पी-१७ म्हणजे कोण गं?

माझ्या संशोधनाच्या पेपरचा सारांश आजींना त्यांच्या नातवाने वाचून दाखवला. आजी पडवीत भिंतीला टेकून तांदूळ निवडत ऐकत होत्या, मधेमधे हूं हूं चाललेलं, आणि "पी-१७ यांच्या मते" असं काहीतरी आलं तसा त्यांचा हात थांबला. "ह्यो पी सतरा कोन गं?" मी म्हटलं, आजी, तुम्हीच. "आन् मंग माजं नाव कुटं गेलं?"

ह्याला आता पाच-सहा वर्षं झाली. तेव्हा मी काहीतरी पुटपुटले, तुमच्याच भल्यासाठी वगैरे, आणि आजींनी "बरं" म्हणून सूप परत पुढे ओढलं. ते "बरं" अजून डोक्यातून जात नाही.

मुळशी तालुक्यातलं गाव, कुठलं ते सांगत नाही. विषय होता जात्यावरच्या ओव्या आणि बायकांचा जमिनीतला वाटा. हिंजवडीकडून जमिनीचे भाव चढत आले तसे इकडचे भाऊ लग्न होऊन गेलेल्या बहिणींकडे साडी-चोळी घेऊन यायला लागले, हक्कसोडपत्रावर सही घ्यायला. आजींनी त्यावर स्वतः जोडलेल्या चार ओव्या म्हटल्या, बाकीच्या बायका आधी हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. मी रेकॉर्ड केलं, तीन पानी संमतीपत्र वाचून दाखवलं ("सदर संशोधनात मी स्वेच्छेने सहभागी होत असून", हे असलं मराठी कोण बोलतं?) आणि खाली अंगठा घेतला. आजींच्या भावानेही हक्कसोडपत्रावर अंगठाच घेतला होता. हे मला त्यावेळी सुचलं नाही, घरी येऊन ट्रान्सक्रिप्ट टाईप करताना सुचलं.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या आमच्या एथिक्स कमिटीचा नियम साधा होता, नाव नाही, गाव नाही, नुसता कोड. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यातही गोपनीयतेवर भर आहे, आणि तो का आहे ते मला पटतंच. एचआयव्ही, गर्भपात, घरातली मारहाण असल्या विषयात नाव फुटलं तर बाई आयुष्यातून उठते. पण मी पेपरमध्ये काय लिहिलं होतं? साठीच्या पुढच्या, विधवा, एक मुलगा पुण्यात रिक्षा चालवतो, माहेर त्याच तालुक्यात. दीडशे उंबऱ्यांच्या गावात हे वाचून कुणाला कळणार नाही सांगा. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं, भाऊ, भावजय, गावातले पुढारी, त्यांना दोन मिनिटांत कळणार, आणि ज्यांना कळलं असतं तर आजींना थोडा मान, एखाद्या कार्यक्रमाचं बोलावणं तरी मिळालं असतं त्यांच्यासाठी मात्र त्या पी-१७. नाव माझं छापून आलं. त्या पेपरवर मला पुढची फेलोशिप मिळाली हेही सांगून टाकते.

पैशांचं तर विचारूच नका. भातलावणीच्या दिवसांत बाईचा अर्धा दिवस घ्यायचा आणि बुडालेली मजुरी द्यायला गेलं तर कमिटीला भीती की हे आमिष होईल. नियमात मजुरी भरून देता येते, पण किती दिली की आमिष होतं हे ठरवणार कोण? मी शेवटी चहापावडर आणि साखर नेली. स्वस्तात सुटले.

ह्याच मुळशीत हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्या संशोधकांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर ओव्या गोळा करायला सुरुवात केली होती, पुढे महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर ओव्या जमल्या आणि आता त्या ग्रामीण भारताबद्दलच्या 'परी' ह्या वेबसाईटवर वाचता-ऐकता येतात. तिथे ओवी म्हणणारीचं नाव असतं, गाव असतं, कितीतरी जणींचे फोटो असतात. जातसुद्धा असते, तिथे मी जरा अडखळले, पण ती बाई तिथे अख्खी असते, कोड नसते. मी ठरवून टाकलं, हेच बरोबर.

मग एका ताईंचा फोन आला. आम्ही गावासाठी छोटी पुस्तिका काढली होती, नावं घालून, विचारून, आणि ह्याच ताई "माझं नाव मोठ्या अक्षरात टाक" म्हणालेल्या. आठ महिन्यांनी फोन, "मुलीचं जमतंय गं, तेवढं नाव काढ." दोनशे प्रती वाटून झालेल्या. कुठून काढू? सहभागी माणूस कधीही माघार घेऊ शकतो असं संमतीपत्रात मीच छापलं होतं.

आणि ओवी तरी एकटीची कुठे असते, आईकडून आलेली, त्यात ही दोन शब्द फिरवणार. केरळातल्या काणी आदिवासींचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. १९८७ मध्ये वाटाड्या म्हणून बरोबर आलेल्या काही काणी तरुणांनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली, तिच्यापासून 'जीवनी' नावाचं औषध झालं, लायसन्स फी आणि रॉयल्टीचा अर्धा वाटा काणींना द्यायचा ठरलं, १९९७ मध्ये ट्रस्टही झाला. ह्याचं जगभर कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. पण जमातीतले काही जाणते नाराज होते, की हे सगळ्यांचं ज्ञान, दोघातिघांनी परस्पर सांगितलंच कसं. मग "हो" कुणाचं धरायचं?

आता मी दोनदा विचारते, रेकॉर्डिंगच्या वेळी आणि छापायच्या आधी परत. वेळ दुप्पट जातो आणि गाईड वैतागतात.

ही पोस्ट टाकायच्या आधी आजींच्या घरी फोन केला, म्हटलं ह्यावेळी तरी खरं नाव घालावं. मुलाने उचलला. म्हणाला, ताई नको, मामाबरोबर जमिनीची केस चालू आहे. मी म्हटलं, आजींना विचारून बघता का? तर म्हणाला, "तिला काय विचारायचं, ती हो म्हणेल."