विटांवरची नावं

लेकीकडे कॅनडात मिसिसॉगाला सहा आठवडे राहून आले. नायगारा झाला, टोरांटो झालं, लाल-पिवळी झालेली मेपलची झाडं डोळे भरून पाहिली. पण परत आल्यापासून कुणी "काय काय बघितलंस?" असं विचारलं की माझ्या तोंडून ब्रँटफर्डच्या त्या भिंतीचंच निघतं.

सुरुवात नातवाच्या टी-शर्टपासून झाली. ३० सप्टेंबरला शाळेत नारिंगी टी-शर्ट घालून जायचं होतं आणि आदल्या रात्री तो सापडेना. कपाट उपसताना त्या सात वर्षांच्या पोरानंच मला सांगितलं, "आजी, एका मुलीला तिच्या आजीनं नवा ऑरेंज शर्ट घेतला होता, आणि शाळेत तो काढून घेतला." मग लेकीनं नीट सांगितलं. मुलीचं नाव फिलिस वेबस्टॅड, साल १९७३, वय सहा, ब्रिटिश कोलंबियातल्या निवासी शाळेतला पहिला दिवस. निवासी शाळा म्हणजे कॅनडाच्या मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवत, त्या शाळा. शर्ट तिला परत मिळालाच नाही. आजीनं घेऊन दिलेला शर्ट! मला रात्री झोप लागेना.

अशीच एक शाळा तासाभराच्या अंतरावर आहे आणि आता संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली आहे, असं कळल्यावर मीच हट्ट धरला. ऑक्टोबरात एका सकाळी आम्ही दोघी निघालो.

ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट. लाल विटांची मोठी इमारत, दारापुढे पांढरे खांब. आधीची इमारत १९०३ साली मुलांनीच पेटवून दिली, त्यानंतर १९०४ मध्ये ही उभी राहिली. मुलांनी शाळा जाळावी म्हणजे आत काय चालत असेल! १८३१ पासून १९७० पर्यंत इथे मुलं ठेवली गेली. तिथले लोक हिला 'मश होल' म्हणतात. मश म्हणजे ओटची पातळ, बेचव लापशी. तीच खायला, रोज. बाहेर सफरचंदाची बाग होती, पण झाडाला हात लावला तर मार. आपली भाषा बोललं तर मार. भाऊ एकीकडे, बहीण दुसरीकडे. नावाऐवजी नंबर. तळघरातल्या बॉयलरच्या खोलीपाशी मी थांबलेच नाही. त्या यंत्राच्या आवाजात मुलांचं रडणं वर ऐकू जात नसे, एवढं ऐकलं आणि जिन्याकडे वळले.

माहिती सांगणारी बाई सिक्स नेशन्स या तिथल्या मूळनिवासी समाजाचीच होती. तिच्या घरातली माणसं या शाळेत होती. ती हळू, एका सुरात बोलत होती आणि मधे मधे थांबत होती. ती थांबली की आम्हीही गप्प.

मग ती आम्हाला इमारतीच्या मागे घेऊन गेली.

मागच्या भिंतीच्या विटांवर नावं कोरलेली आहेत. खिळ्यानं, दगडानं, जे हाताला लागलं त्यानं. कुठे पूर्ण नाव, कुठे दोनच अक्षरं, कुठे साल, कुठे नुसता आकडा. एक नाव माझ्या कमरेच्या उंचीवर होतं. वाचायला वाकले तेव्हा लक्षात आलं, की कोरणाऱ्याला वाकावं लागलं नसणार. माझ्या नातवाएवढंच असेल ते पोर. पहिलं अक्षर खोल गेलं होतं, पुढची उथळ होत गेली होती आणि शेवटचं अर्धंच राहिलं होतं. मी बोट जवळ नेलं आणि मागे घेतलं. आमच्या गटातला एक माणूस त्याच भिंतीला पाठ टेकून बायकोकडून फोटो काढून घेत होता. मला संताप आला. लेकीनं हात दाबला म्हणून बोलले नाही. बोलायला हवं होतं.

ही इमारत पडली असती, तर कुणालाही नवल वाटलं नसतं. २०१३ मध्ये छप्पर गळायला लागलं. पाडायची की दुरुस्त करायची, हे समाजाला विचारलं गेलं. ज्यांची पोरं इथे मार खात वाढली, तेच लोक प्रचंड बहुमतानं म्हणाले, पाडू नका. पुरावा आहे तो. 'सेव्ह द एव्हिडन्स' याच नावानं मोहीम चालली आणि वर्षानुवर्षं पैसे गोळा करून दुरुस्ती झाली. कॅनडाच्या सत्यशोधन आयोगानं २०१५ मध्ये अहवाल दिला, अशा शाळांमध्ये दीड लाखांहून अधिक मुलं गेल्याचं देशापुढे मांडलं, त्याचं महत्त्व आहेच. पण छपराला भोकं पडली तेव्हा धावून आली ती गावचीच माणसं.

आणि इथल्या जमिनीत मुलं पुरलेली आहेत का, याचा शोधही तेच घेताहेत. इथे राहून वाचलेल्यांनी २०२१ मध्ये स्वतःची संस्था काढली, कारण घरी न परतलेल्या मुलांचं काय झालं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेच्या आवाराची सुमारे ६०० एकर जमीन आहे. तिथे गवत कापायच्या यंत्रासारखं दिसणारं, जमिनीखालचं टिपणारं रडार ढकलत एकेक पट्टा पालथा घालतात. समाजातल्या लोकांनीच त्याचं शिक्षण घेतलंय. यंत्राला मुलं दिसत नाहीत, माती कुठे हलली आहे तेवढंच दिसतं. म्हणून जोडीला जुनी कागदपत्रं आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी. घाई करत नाहीत, आणि ते मला फार पटलं.

तुम्ही जाणार असाल तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. आम्ही संध्याकाळी एका मराठी कुटुंबाकडे जेवायला येतो म्हणून कबूल केलं होतं. त्यांनी मायेनं पुरणपोळी केली होती. मी दोन घास खाल्ले आणि तिसरा घशाखाली उतरेना. त्या माउलीला वाईट वाटलं असणार.

निघताना गाडीकडे जायचा जवळचा रस्ता हिरवळीतून होता. लेक पुढे झाली. मी कडेलाच उभी राहिले आणि त्या बाईला विचारलं, इथून चाललं तर चालेल का? तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पक्क्या वाटेकडे हात केला. लेकही मागे फिरली. आम्ही वळसा घालून गेलो.